एक पॉइंट नऊ

सोहारच्या पॉलिक्लिनिकमध्ये दुपारी दोनला
फक्त सेंट्रिफ्यूज बोलत असतो.
साडेबारा ते साडेतीन उन्हातली कामं बंद, सरकारी हुकूम,
म्हणून तो तेव्हाच आला:
विश्राम भुवड, स्कॅफोल्डर, वय एक्केचाळीस,
मुक्काम पालशेत, सध्या लेबर कॅम्प.
कपाळावर हेल्मेटची रेघ,
पाठीवर घामाचं मीठ, वाळून पांढरं.

"मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या ना? मग नीट सांगा.
गावी भावाचं क्रिएटिनिन पॉइंट नऊ आलं.
माझं एकशे अडुसष्ट.
एकाच आईची पोरं आम्ही."

डॉक्टरांना विचारा, असं मी म्हणायला हवं होतं.
डॉक्टरांनी सांगितलंही होतं,
चार मिनिटांत, इंग्रजीत.

मी म्हटलं, माप वेगळं आहे.
तिकडे पायलीने मोजतात, इकडे चिपट्याने, असं समजा.
अठ्ठ्याऐंशीने भागा.
त्याने मोबाइलवर भागलं.
एक पॉइंट नऊ.
"हां," तो हसला, "आता माणसात आलं."

मला हसता आलं नाही.
त्याच्या भावाच्या दुप्पट, तरी दुप्पटच.
सांगितलं, स्नायू झिजतो,
माणूस चढला तरी, खाटेवर पडून राहिला तरी.
त्याचा भुसा रक्तात पडतो, रोज साधारण तेवढाच.
मूत्रपिंडं तो झाडून बाहेर टाकतात.
आकडा चढला तो बहुतेक भुसा वाढला म्हणून नाही,
झाडणारे हात कमी पडले म्हणून.

"किती कमी?"

खालच्या ओळीवर मी बोट ठेवलं. पंचेचाळीस.
हा आकडा उलटा चालतो. हा मोठा हवा.
तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "पस्तीसला पास ना?"

बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना पिपाणी वाजवत होती.
ती थांबेपर्यंत मी थांबले.

एका पेपरावर निकाल लावत नाहीत, म्हटलं.
तीन महिन्यांनी परत या, लघवीही तपासू.
पाणी किती पिता?
"टाकी खाली. मी चौदाव्या माळ्यावर.
उतरलो की फोरमन घड्याळ बघतो."
गुडघ्यासाठी काही घेता?
"पिवळी गोळी. सकाळी एक, रात्री एक.
रूममधला मदुराईचा पोरगा देतो."
डॉक्टरांना ती गोळी दाखवा. बहुतेक बंदच करतील.
"मग चढू कसा?"

आमच्याकडे सोळा तपासण्या होतात.
त्यातल्या एकीतही याचं उत्तर येत नाही.

लॅबच्या चिठ्ठीवर त्याने दोन्ही आकडे लिहून मागितले,
मराठीत.
मग चिठ्ठी मधोमध फाडली.
एकशे अडुसष्ट घडी घालून पाकिटात, पतका कार्डामागे.
एक पॉइंट नऊचा फोटो काढून घरी पाठवला.
"बायकोला हाच बरा. लहान दिसतो.
दोनच्या आत आहे."

अकराव्या दिवशी लॅबचा फोन वाजला.
चिठ्ठीच्या तळाशी आमचा नंबर छापलेला असतो,
ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"एक पॉइंट नऊ लिहून देणाऱ्या तुम्हीच का?"
मागे कोंबडं ओरडत होतं.
"मी वनिता भुवड.
माझ्या बाबांना दोन वर्षं चिपळूणला नेत होते मी,
आठवड्यातून दोनदा, मशीनवर.
फाइल माझ्याच मांडीवर असायची.
पहिल्या पानावर काय होतं सांगू?
एक पॉइंट सात.
ह्यांना वाटतं, मला पॉइंट कळत नाही."

मी काहीतरी बोलू लागले,
लवकर कळलंय, वेळ आहे, असं.

"ते राहू दे, बाई. ते मी बघते. रात्री बोलते ह्यांच्याशी.
तुम्ही मला एवढंच सांगा,
त्या चौदाव्या माळ्यावर
पाणी कोण नेऊन देईल?"

सेंट्रिफ्यूज कधीच थांबला होता.
मी फोन खांद्याशी धरला
आणि रजिस्टरमध्ये कंपनीचा नंबर शोधू लागले.